पेन्सिलीच्या आधी काय काय असतं?

ठाण्यात घोडबंदर रोडवर माजिवड्याहून गायमुखाकडे निघालं की नव्या टॉवरांच्या तळमजल्यावर, औषधाच्या दुकानाला लागूनच, बालवाडीचा रंगीत फलक दिसतो. चौकशीला आलेले आईबाबा फी विचारतात, बसचं विचारतात आणि मग हमखास विचारतात, "लिहायला कधीपासून घेता?" प्रश्न काळजीपोटीच येतो, पण तीन वर्षांच्या मुलासाठी तो फार लवकर येतो. लिहिण्याआधी हाताला, कानाला आणि जिभेला पुष्कळ काही शिकायचं असतं आणि नर्सरीचं खरं काम तेच आहे.

कोसबाडचा धडा

हे जिथे कसाला लागलं ती जागा आपल्याच भागातली आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. (डहाणू 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं.) आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं परवडण्यासारखी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे हीच साधनं झाली. त्यांतूनच मुलं रंग, आकार, लहानमोठं, कमीजास्त शिकली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं.

हात आणि सवयी

तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं. तीन बोटांची पक्की पकड बहुतेकांना पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास जमते. त्यासाठी आधी खांदा आणि मनगट तयार व्हावं लागतं. कणीक मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, डब्याचं झाकण स्वतः उघडणं, घसरगुंडीच्या शिडीवर चढणं ही सगळी लेखनाचीच तयारी आहे. याच काळात मूल आपली पाळी येईपर्यंत थांबायला, शू लागली की सांगायला आणि आई नजरेआड गेली तरी ती परत येणार हे मानायला शिकतं. शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड असते. पहिले पंधरा दिवस रडारड झाली म्हणून शाळा वाईट ठरत नाही.

आधी कान, मग अक्षर

बडबडगीत म्हणताना शब्द आवाजांत फोडता येतो हे मुलाला कळतं. 'क'वरून काय काय, हा खेळ म्हणूनच मोलाचा. मराठीत तर एक खास अडचण आहे. 'कि' म्हणताना आधी 'क' ऐकू येतो, पण कागदावर वेलांटी आधी दिसते. कान तयार असेल तर मूल यात फार अडकत नाही. इंग्रजी माध्यमात जाणार म्हणून घरी मराठी थांबवू नये, असं माझं ठाम मत आहे. एका भाषेत गोष्ट सांगता आली की दुसरीत सांगणं सोपं जातं. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सुरुवातीच्या वर्षांत घरच्या भाषेवर भर दिला आहे.

मोजणं म्हणजे घोकणं नव्हे

शंभरापर्यंत धडाधड म्हणणाऱ्या चार वर्षांच्या मुलीपुढे पाच शेंगदाणे ठेवा. तोंड बोटाच्या पुढे धावतं आणि उत्तर सात येतं. एका दाण्याला एकच अंक, आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण दाणे, ही समज हाताळण्यातूनच येते. पुढे 21 लिहिताना 2 आधी येतो, पण 'एकवीस' म्हणताना एक आधी. म्हणून बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक' असाही पर्याय दिला. त्यावर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांच्या अडचणीकडे बोट दाखवून तो बदल समजावून सांगितला. त्यांचा मुद्दा मला पटतो.

पहिली आणि दुसरी

नव्या धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे. म्हणजे दुसरीपर्यंतची वर्षं बालवाडीला जोडूनच धरली आहेत. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाची उद्दिष्टं पाहिली की घाईचं कारण उरत नाही. पहिलीच्या आधी दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं आणि 10 पर्यंतचे अंक ओळखणं. पहिलीत चार-पाच शब्दांची साधी वाक्यं आणि 99 पर्यंतच्या संख्या. दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द, तेही समजून.

शाळा पाहायला जाताना

भिंतीवरची चित्रं छापील आहेत की मुलांनी काढलेली, ते पाहा. खेळायला माती, पाणी, मोकळी जागा आहे का आणि एका ताईकडे किती मुलं आहेत, हे विचारा. दिवसातून किती वेळा गोष्ट सांगता, हेही विचारा. गृहपाठाची वही अभिमानाने दाखवली, तर ती किती वर्षांच्या मुलाची आहे एवढं नक्की विचारा.