दरपत्रक एका क्षणात बदलताना

जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं आणि ही वाढ मध्यरात्रीपासून लागू झाली. प्रवाशासाठी ही दोन ओळींची बातमी: काल इतके पडत होते, आज इतके पडतात. तिकिटाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी मात्र अशी प्रत्येक दरवाढ ही परीक्षाच असते. सहा किलोमीटरचा एक टप्पा, त्यानुसार वाढत जाणारं भाडं; साधी, निमआराम, शिवशाही, शिवनेरी असे गाड्यांचे प्रकार; आणि प्रत्येक टप्प्यासमोर, प्रत्येक प्रकाराखाली एक रक्कम. बाराच्या ठोक्यापर्यंत या तक्त्यातली प्रत्येक रक्कम जुनी हवी आणि त्यानंतर प्रत्येक रक्कम नवी. अर्धा तक्ता जुना आणि अर्धा नवा ही अवस्था क्षणभरही परवडत नाही.

मी एसटीसाठी काम करत नाही. प्रवासी वाहतुकीच्या तिकीटप्रणालींवर, जावा भाषेत काम करतो. पण बस कोणाचीही असो, दरपत्रकाची घडण थोड्याफार फरकाने हीच असते: उभ्या बाजूला टप्पे, आडव्या बाजूला गाड्यांचे प्रकार. असा तक्ता प्रोग्राममध्ये कसा ठेवायचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. अनेक वर्षं हेच काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की, या एका निर्णयावर पुढची निम्मी डोकेदुखी ठरते.

बहुतेक जण पहिल्यांदा मॅपच्या आत मॅप ठेवतात. बाहेरच्या मॅपला टप्पा द्यायचा, तो त्या टप्प्याचा आतला मॅप देतो, त्याला गाडीचा प्रकार विचारायचा. काम होतं, पण प्रत्येक ठिकाणी दोनदा विचारावं लागतं. टप्पाच सापडला नाही तर आतला मॅप नल येतो आणि दुसरा प्रश्न विचारताच प्रोग्राम कोसळतो. शिवशाहीची सगळी भाडी एकत्र हवी असतील तर प्रत्येक टप्प्याच्या मॅपमध्ये शिरून शोधत बसावं लागतं. काही जण टप्पा आणि प्रकार जोडून ‘12-शिवशाही’ अशी एकच किल्ली करतात. मग एखाद्या फाइलमध्ये ‘शिवशाही’च्या मागे एक मोकळी जागा आली, की भाडं असूनही सापडत नाही.

गूगलच्या ग्वावा या जावा लायब्ररीत यासाठी टेबल नावाचा प्रकार आहे. ओळीची किल्ली, रकान्याची किल्ली आणि मूल्य अशी त्याची रचना. टप्पा आणि प्रकार एकदम दिले की भाडं मिळतं. ‘रो’ला टप्पा दिला की ती अख्खी ओळ मिळते, ‘कॉलम’ला प्रकार दिला की अख्खा रकाना मिळतो. याचे काही अवतार बदलता येणारे आहेत. मी दरपत्रकासाठी वापरतो तो ‘इम्युटेबलटेबल’. एकदा तयार झाला की त्यात सेल घालता येत नाही, काढता येत नाही, बदलता येत नाही. कोणी ‘पुट’ करायला गेलंच, तर ‘अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन’ येतं. तितकी वेळही सहसा येत नाही. या मेथडवर ‘डेप्रिकेटेड’चा शिक्का आधीच मारलेला असल्यामुळे एडिटरमध्ये तिच्या नावावर आडवी रेघ दिसते.

हा तक्ता बनवायचा तो बिल्डरने. फाइलमधली एकेक नोंद वाचत जायची, बिल्डरला टप्पा, प्रकार, रक्कम देत जायची आणि शेवटी ‘बिल्ड’ म्हणायचं. मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा ‘बिल्ड’चा क्षण. दरपत्रक कोणीतरी माणसाने स्प्रेडशीटमध्ये भरलेलं असतं. भरताना एखादी ओळ कॉपी होते, मग दोनपैकी एकाच ठिकाणी दुरुस्ती होते. एकाच टप्प्याला, एकाच प्रकारच्या गाडीला दोन भाडी लागतात. साध्या हॅशमॅपला याचं काहीच वाटत नाही. नंतर आलेली रक्कम आधीच्या रकमेवर गुपचूप बसते. कोणती रक्कम खरी, हे फाइलमधल्या ओळींच्या क्रमावर ठरतं आणि चुकीची रक्कम टिकली तर तक्रार थेट प्रवाशाकडून येते.

इम्युटेबलटेबलचा बिल्डर मात्र इथे अडून बसतो. एकाच सेलला दोन नोंदी दिसल्या की ‘इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन’ फेकतो, आणि त्या संदेशात ओळ, रकाना व दोन्ही मूल्यं लिहिलेली असतात. टप्पा 17, निमआराम, एक रक्कम ही, दुसरी ही. तो संदेश तसाच उचलून ग्राहकाच्या हिशेबनिसाकडे पाठवता येतो आणि दुरुस्त फाइल परत येते. या सगळ्या काळात जुनं दरपत्रक सुखरूप चालू असतं, कारण नवा तक्ता अजून जन्मालाच आलेला नसतो. डेटा तपासण्याची जागा ही, तो वापरात येण्याच्या आधीची.

याच टप्प्यावर मी आणखी एक तपासणी आग्रहाने करतो: तक्ता पूर्ण आहे का? ओळींची संख्या गुणिले रकान्यांची संख्या ही तक्त्यातल्या सेलच्या संख्येइतकी आली पाहिजे. कमी आली तर कुठेतरी भोक आहे. पण एवढ्यावर थांबून चालत नाही. एखादा टप्पा संपूर्णच सुटला असेल, तर तक्त्याच्या लेखी तो टप्पा अस्तित्वातच नसतो आणि गुणाकार बरोबर जुळतो. म्हणून टप्प्यांची आणि गाड्यांची यादी वेगळीकडून घ्यायची आणि तिच्याशी ताडून पाहायचं.

भोक आणि शून्य यांतला फरक सवलतींच्या तक्त्यात फार ठळकपणे दिसतो. एसटीत 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे, महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. अशा सवलतींचा तक्ता म्हणजे एका बाजूला प्रवाशाचा वर्ग, दुसऱ्या बाजूला गाडीचा प्रकार आणि सेलमध्ये टक्के: 100, 50 किंवा 0. ‘या वर्गाला या गाडीत सवलत नाही’ हा विचार करून घेतलेला निर्णय आहे, त्यासाठी 0 लिहायचं. ‘कोणी ठरवलंच नाही’ ही वेगळी गोष्ट आहे. इम्युटेबलटेबल नल मूल्य स्वीकारतच नाही. त्यामुळे न ठरलेली गोष्ट त्यात ठरलेल्या गोष्टीच्या वेशात येऊ शकत नाही. सेल एकतर असतो किंवा नसतो.

आत काय चालतं, तेही पाहण्यासारखं आहे. इम्युटेबलटेबल दोन प्रकारे साठवला जातो आणि कोणता प्रकार घ्यायचा हे ग्वावा स्वतः ठरवते. संभाव्य सेलपैकी निम्म्याहून जास्त भरलेले असतील तर दाट रचना, नाहीतर विरळ रचना. समजा शंभर टप्पे आणि चार प्रकार आहेत. म्हणजे 400 जागा. 201 किंवा अधिक भरल्या की दाट. दरपत्रक जवळजवळ पूर्ण भरलेलंच असतं, त्यामुळे ते सरळ दोन मितींच्या ॲरेमध्ये बसतं. टप्प्याचा क्रमांक आणि प्रकाराचा क्रमांक काढला की नेमक्या सेलवर हात पडतो. याउलट थांब्यांमधल्या अंतरांचा तक्ता घ्या. 300 थांबे दोन्ही बाजूंना मांडले तर 90,000 जागा होतात, पण थेट गाडी असलेल्या जोड्या त्यातल्या थोड्याच. इथे विरळ रचना लागते. तिच्यात ओळींच्या अंगाने आणि रकान्यांच्या अंगाने असे दोन्ही मॅप तयार ठेवलेले असतात. बदलत्या ‘हॅशबेस्डटेबल’मध्ये रकान्यानुसार वाचायचं तर प्रत्येक ओळ धुंडाळावी लागते. इथे तक्ता बदलणारच नाही हे आधी ठाऊक असल्यामुळे दोन्ही बाजूंची तयारी एकदाच करून ठेवता येते. न बदलण्याच्या हमीचा हा रोकडा फायदा.

आता मध्यरात्रीकडे येऊ. सर्व्हरवर एकाच वेळी अनेक थ्रेड तिकिटं काढत असतात. बदलता येणारा तक्ता असेल, तर एक थ्रेड सेलमागून सेल नवी रक्कम लिहीत जातो आणि बाकीचे त्याच वेळी वाचत असतात. कोणाला जुनं भाडं मिळतं, कोणाला नवं. साध्या हॅशमॅपमध्ये तर असं एकाच वेळी लिहिणं-वाचणं मुळातच धोक्याचं. ‘कन्करंटहॅशमॅप’ वापरला की प्रत्येक सेलचा बदल सुरक्षित होतो, पण संपूर्ण तक्त्याचा एकत्र बदल तरीही होत नाही. मग लॉक आले आणि लॉकच्या मागे तिकिटांची रांग आली.

न बदलणाऱ्या तक्त्यात हा प्रश्नच उरत नाही. नवं दरपत्रक संध्याकाळीच बांधून ठेवायचं. जुन्या आणि नव्या तक्त्याचे सगळे सेल शेजारीशेजारी ठेवून फरकाची यादी काढायची, जबाबदार माणसाने ती डोळ्यांखालून घालायची. ठरल्या वेळी सेवेतला एकच संदर्भ जुन्या तक्त्यावरून नव्यावर वळवायचा. कागदी दरपत्रकाच्या काळात कंडक्टरच्या हाती नवा छापील तक्ता येई आणि जुना जमा होई, तसंच हे. हा संदर्भ व्होलाटाइल ठेवायचा, म्हणजे अदलाबदल बाकीच्या थ्रेडना दिसते. वाचणाऱ्यांना लॉकची गरज नाही, कारण हाती असलेला तक्ता कोणीही बदलू शकत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि कोड रिव्ह्यूमध्ये मी तो हमखास शोधतो. परतीचं तिकीट घ्या: जातानाचं भाडं आणि येतानाचं भाडं असे दोन हिशेब. प्रत्येक हिशेबाच्या वेळी तो संदर्भ नव्याने वाचला, तर नेमकी मधेच अदलाबदल होऊ शकते आणि एकाच तिकिटावर जाणं जुन्या दराने, येणं नव्या दराने छापलं जातं. म्हणून व्यवहार सुरू होतानाच तक्ता एकदा स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आणि शेवटपर्यंत तोच वापरायचा. एका ओळीची ही शिस्त पाळली नाही, तर इम्युटेबलटेबलही वाचवू शकत नाही.

आणखी दोन ठिकाणी माणसं फसतात. पहिलं, तक्ता न बदलणारा असला तरी सेलमधली वस्तू बदलणारी असू शकते. सेलमध्ये साधी ॲरेलिस्ट ठेवली, तर ती लिस्ट बाहेर काढून कोणीही तिच्यात भर घालू शकतं. भाड्यासाठी बिगडेसिमल किंवा पैशांमधली पूर्णांक रक्कम ठेवावी. दोन्ही मुळातच न बदलणारी. दुसरं, ‘अनमॉडिफायेबलटेबल’ हा वेगळा प्रकार आहे. तो मूळ तक्त्याला लावलेली काच आहे; आपण हात लावू शकत नाही, पण मूळ तक्ता ज्याच्याकडे आहे तो बदल करू शकतो आणि ते बदल आपल्यालाही दिसत राहतात. खरी हमी हवी असेल तर ‘कॉपीऑफ’ने स्वतंत्र इम्युटेबलटेबल बनवावा.

जुना तक्ता टाकून द्यायचा नाही, हाही माझा आग्रह असतो. दर कधीपासून लागू, ती तारीख किल्ली म्हणून घ्यायची आणि तिच्यासमोर तो तक्ता ठेवायचा. ट्रीमॅपला ‘फ्लोअरएंट्री’ विचारली की दिलेल्या तारखेला लागू असलेलं दरपत्रक मिळतं. परतावा द्यायचा असेल किंवा प्रवाशाने जुन्या तिकिटाबद्दल तक्रार केली असेल, तर तोच हिशेब त्याच आकड्यांवर पुन्हा करून दाखवता येतो. तक्ते जागच्या जागी बदलले असते, तर हा पुरावा पहिल्याच दरवाढीत पुसला गेला असता.

प्रत्येक तक्ता असा ठेवावा, असं मी म्हणणार नाही. कोणत्या फेरीतली कोणती सीट मोकळी आहे, हाही दोन बाजूंचाच तक्ता, पण तो सतत बदलतो. प्रत्येक आरक्षणाला संपूर्ण तक्ता नव्याने बांधणं हा शुद्ध अपव्यय ठरेल. ते काम डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनचं. नवा तक्ता बांधायला वेळ लागतो, अदलाबदलीच्या काळात जुना आणि नवा दोन्ही मेमरीत असतात, याचाही हिशेब धरायला हवा.

पण क्वचित बदलणाऱ्या आणि सतत वाचल्या जाणाऱ्या माहितीसाठी हीच पद्धत योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दरपत्रक, सवलती, करांचे दर, कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जाता येतं त्याचे नियम, हे सगळं याच जातीचं. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात 2001 पासून हेच बजावलं आहे की, सबळ कारण असल्याशिवाय वस्तू बदलती ठेवू नये. तुमच्या प्रोजेक्टमध्ये मॅपच्या आत मॅप असलेलं एखादं दरपत्रक असेल, तर त्यात लिहिणाऱ्या जागा आधी मोजा. त्या एकाहून जास्त निघाल्या, तर पुढच्या दरवाढीची वाट न पाहता ते बदलून टाका.