हायब्रीड पिकअप : चारही चाकांना जोर येतो कुठून?

पिकअप गाडीच्या पाठीमागे 'फोर बाय फोर' ही अक्षरे दिसली की चिखलाच्या रस्त्याने माल नेणाऱ्या माणसाला धीर येतो. त्या अक्षरांशेजारी आता परदेशात 'हायब्रीड' हा शब्दही झळकू लागला आहे. दोन्ही शब्द एकाच गाडीवर आले म्हणजे दोन्ही गुण हाती लागले असे गिऱ्हाईक समजते, आणि दुकानदारही त्याला तसेच समजू देतो. वस्तुस्थिती अशी की या दोन शब्दांच्या आड अगदी वेगवेगळ्या रचना विकल्या जातात आणि कोणती गाडी कोणत्या कामाची हे त्या रचनेवरच ठरते. आमच्या वाचकांत वाहतूकदार आहेत, गॅरेजवाले आहेत, आखातातील वर्कशॉपमध्ये राबणारे कोकणचे मिस्त्रीही आहेत. म्हणून या विषयात जरा खोलात शिरण्याचे आम्ही ठरविले.

आधी जुनी रचना पाहू. आपल्या जीपमध्ये इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केसमध्ये येतो. तेथून एक शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडे आणि दुसरा पुढच्या डिफरन्शियलकडे जातो. ड्रायव्हरने लीव्हर टाकला की दोन्ही शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधले जातात. मात्र वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते, कोरड्या डांबरावर ते घसरत नाही आणि सारा ताण शाफ्ट व दात्यांवर येतो. म्हणूनच जाणता ड्रायव्हर पक्क्या रस्त्यावर फोर बाय फोर लावत नाही. 'ऑल व्हील ड्राइव्ह' म्हणतात त्या गाडीत मधे क्लच किंवा आणखी एक डिफरन्शियल असते आणि जोराची वाटणी गाडी आपली आपण करते.

आता यात विजेची मोटर बसवायची तर कुठे? सगळी मेख या प्रश्नात आहे.

फोर्ड कंपनीने २०२१ च्या एफ-१५० 'पॉवरबूस्ट' या गाडीत ती गिअरबॉक्सच्या पोटातच बसविली. साडेतीन लिटरचे व्ही-६ पेट्रोल इंजिन, त्याला जोडून ३५ किलोवॅटची मोटर आणि पुढे दहा गिअर. टोयोटाची २०२२ सालची टुंड्रा आणि २०२४ सालची टॅकोमा यांची हायब्रीड रूपे याच घडणीची आहेत. मोटर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे असल्यामुळे तिच्या मागचे सगळे जसेच्या तसे राहते : ट्रान्स्फर केस, दोन शाफ्ट, दोन डिफरन्शियल. इंजिन आणि मोटर दोघांचा जोर एकत्र होऊन चारही चाकांना जातो आणि लो गिअर टाकला की मोटरचा जोरही इंजिनाच्या जोरासारखाच वाढतो.

आमच्या मते कष्टाच्या कामाला हीच रचना भरवशाची. एफ-१५० ची बॅटरी अवघी दीड युनिटची आहे (युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलावरचेच). लांब चढणीवर ती लवकर रिकामी होणार. पण ती रिकामी झाली म्हणून पुढची चाके ढिली पडत नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत जोर पोहोचवायला लोखंड आहे. मोटरची मदत तेवढी कमी होते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. या रचनेत इंधनाची बचत बेताचीच, आणि इंजिन, मोटर, ट्रान्स्फर केस असे सर्वांचेच वजन गाडीला वाहावे लागते.

कारागिरांना आवडेल अशी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. या एफ-१५० च्या हौद्यात विजेची सॉकेटे दिलेली आहेत आणि जास्तीचे पैसे भरल्यास त्यांतून ७.२ किलोवॅट वीज मिळते. वेल्डिंग, कटर, कॉम्प्रेसर अशी कामे जागेवर होतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात बर्फामुळे वीज गेली, तेव्हा काही मालकांनी या गाड्यांवर घरे चालविली. बॅटरी दीड युनिटचीच, पण ती संपत आली की इंजिन आपोआप सुरू होऊन वीज तयार करते. म्हणजे टाकीत पेट्रोल आहे तोवर जनरेटर आहे.

फोर्डचीच लहान पिकअप मॅव्हरिक २०२२ च्या मॉडेलने बाजारात आली. तिचे हायब्रीड फक्त पुढच्या चाकांवर चालत होते. चारही चाके हवी असतील तर साधे पेट्रोल इंजिन घ्यावे लागे. २०२५ च्या मॉडेलमध्ये हायब्रीडलाही ऑल व्हील ड्राइव्ह मिळाली आणि तेथेही मागच्या चाकांकडे शाफ्टच जातो.

दुसरी रचना मुळापासून निराळी आहे. पुढे इंजिन आणि एक मोटर, मागच्या ॲक्सलवर दुसरी मोटर आणि दोहोंच्या मधे शाफ्ट नाहीच, फक्त वीज वाहणाऱ्या जाड तारा. ही कल्पना नवी नव्हे. टोयोटाने २००१ साली जपानमध्ये एस्टिमा या प्रवासी गाडीत ती आणली होती. पिकअपमध्ये तिचे ठळक उदाहरण म्हणजे चीनच्या बीवायडी कंपनीची शार्क. ही गाडी मे २०२४ मध्ये मेक्सिकोत प्रथम दाखविण्यात आली. दीड लिटरचे टर्बो इंजिन, साधारण साडेएकोणतीस युनिटची बॅटरी, घरी चार्ज करण्याची सोय आणि दोन्ही मोटरी मिळून चारशेहून अधिक अश्वशक्ती.

तारेचे फायदे खरे आहेत. चाक घसरू लागताच मोटर क्षणार्धात जोर कमी-जास्त करते, क्लचला ते तितक्या चटकन जमत नाही. शाफ्ट, त्याचे क्रॉस, ट्रान्स्फर केसचे तेल हा खर्चच नाही. घरी चार्ज करून शहरात माल पोहोचविणाऱ्या व्यापाऱ्याचे पेट्रोल रोज वाचेल.

परंतु चारशेहून अधिक अश्वशक्ती दीड लिटरच्या इंजिनातून निघत नाही, ती बॅटरीच्या जिवावर आहे. वाळूत किंवा लांब घाटात बॅटरी तळाला गेली की मागच्या मोटरला इंजिन तयार करील तेवढीच वीज मिळणार. शिवाय शार्कच्या या पहिल्या मॉडेलला लो गिअर नाही आणि डिफरन्शियल लॉकही नाही. अधांतरी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे जोर वळविण्याचे काम कॉम्प्युटर करतो. ऑस्ट्रेलियात ही गाडी आली तेव्हा तिची ओढण्याची मर्यादा २,५०० किलो आणि हौदा व माणसे मिळून भाराची मर्यादा ७९० किलो होती. त्याच बाजारात २०२५ मध्ये आलेली फोर्ड रेंजरची चार्जिंगवाली हायब्रीड ३,५०० किलो ओढते. तिच्यात मोटर गिअरबॉक्सपाशी आहे, ट्रान्स्फर केस आहे, लो गिअर आहे. तेव्हा दुकानात गेल्यावर अश्वशक्तीचा आकडा मागाहून विचारावा. आधी विचारावे की चारही चाकांपर्यंत लोखंड जाते की तार.

तिसरा प्रकार ४८ व्होल्टचा. परदेशात विकल्या जाणाऱ्या काही हायलक्स पिकअपमध्ये आणि जून २०२५ मध्ये भारतात आलेल्या फॉर्च्युनरच्या एका रूपात तो आहे. बेल्टवर बसविलेली छोटी मोटर २.८ लिटरच्या डिझेल इंजिनाला हात देते, इतकेच. हायलक्समध्ये तिचा जोर १२ किलोवॅटचा. ती एकटी गाडी चालवीत नाही आणि फोर बाय फोरशी तिचा काही संबंध नाही. तो ट्रान्स्फर केसचाच राहतो.

गॅरेजवाल्यांसाठी दोन शब्द, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे. टुंड्राची बॅटरी २८८ व्होल्टची आहे, तीही डीसी. नारिंगी रंगाच्या तारा म्हणजे हा मोठा दाब. त्यांना हात लावण्यापूर्वी गाडी बंद करून १२ व्होल्टची बॅटरी सोडवावी, सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. इन्व्हर्टरमधील कपॅसिटर रिकामे होण्यास वेळ लागतो, तो कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो आणि टोयोटाच्या गाड्यांत साधारण १० मिनिटांचा आहे. तेवढे थांबून मीटर लावून शून्य पाहावे. हातमोजे एक हजार व्होल्टचे, भोक न पडलेले. कारखान्यातील चामड्याचे मोजे येथे उपयोगाचे नाहीत. जुना हात असलेल्या उस्तादांनीही ही घाई करू नये, कारण हा करंट पारखायला दुसरी संधी देत नाही.

टोचन करणाऱ्यांनीही पद्धत बदलायला हवी. मागच्या ॲक्सलवर मोटर असलेली गाडी पुढून उचलून मागची चाके रस्त्यावर फिरत ठेवली, तर चाकांबरोबर मोटर फिरते, मोटरीतील चुंबक वीज तयार करतात आणि बंद गाडीच्या तारांत दाब येतो. मोटर तापते, इन्व्हर्टर जळू शकतो. अशी गाडी चारही चाके ट्रकच्या फळीवर चढवूनच न्यावी लागते.