संगणकाची निगा – भाग ६ : हार्ड डिस्कचे तापमान आणि पडद्यावरचा आकडा

हार्ड डिस्क चालू असेपर्यंत तिच्यातली मोटर फिरत राहते आणि डिस्क तापत राहते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर वाचन-लेखनाचे हेड तरंगत असते. मोटर, हेड हलवणारी यंत्रणा आणि खालचे सर्किट मिळून काम चालू असताना साधारण सहा ते आठ वॅट वीज खातात आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेत जाते. एवढी उष्णता म्हणजे काही फार नव्हे, पण प्रोसेसरसारखा स्वतःचा पंखा डिस्कला नसतो. तिच्या धातूच्या कवचावरून जेवढी हवा वाहील तेवढीच उष्णता बाहेर पडते.

डेस्कटॉपच्या बहुतेक डिस्कसाठी उत्पादक ६० अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा देतात. कॅबिनेटमध्ये हवा नीट खेळत असेल, तर डिस्क खोलीपेक्षा दहा ते पंधरा अंशांनी गरम राहते. पुण्यातल्या २८ अंशांच्या ऑफिसात हा हिशेब चाळिशीच्या आसपास थांबतो आणि तिकडे कोणी पाहतही नाही. लोहा, कंधार, अहमदपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तोही हवामान खात्याच्या पद्धतीने मोजलेला, म्हणजे सावलीत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. पत्र्याच्या गाळ्यात दुपारी तीनला त्याहून जास्त ताप असतो. ४३ मध्ये १२ मिळवले की ५५ होतात, आणि मर्यादा पाच अंशांवर येते. पंखे कितीही लावले तरी खोलीतल्या हवेपेक्षा डिस्क थंड होणार नाही. पंखा फक्त डिस्क आणि हवा यांच्यातला फरक कमी करतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात संगणकाच्या थंडाव्याची चर्चा म्हणूनच कॅबिनेटच्या आधी खोलीपासून सुरू करावी लागते.

नांदेड–लातूर रस्त्यावर ऑनलाइन फॉर्म, सातबारा आणि झेरॉक्सची दुकाने आहेत. अशा दुकानांतला कॅबिनेट बहुधा काउंटरखाली, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. समोरच्या जाळीवर काळ्या मातीची बारीक धूळ आणि कागदाचा भुसा यांचा करडा थर बसतो. हवा नेमकी त्याच जाळीतून आत येऊन डिस्कवरून जायची असते. मग ‘गरम होतोय’ म्हणून बाजूचा पत्रा काढला जातो. त्याने प्रोसेसरला थोडा आराम मिळतो, पण पुढून मागे वाहणारा प्रवाह मोडतो. समोरच्या कोपऱ्यातली डिस्क पूर्वीपेक्षा जास्त तापू शकते आणि धूळ दुप्पट वेगाने आत येते ती वेगळीच. जाळी ब्रशने साफ करून, पत्रा परत लावून, डिस्कच्या समोर आत हवा ओढणारा १२० मिलिमीटरचा एक संथ पंखा बसवणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. डिस्कवर आधी वाराच लागत नसेल, तर एवढ्यानेच पाच ते दहा अंशांचा फरक पडतो. दोन डिस्क असतील तर त्या लागोपाठच्या खणांत न बसवता मध्ये एक खण रिकामा ठेवावा.

संगणकापेक्षाही वाईट अवस्था सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची असते. त्यातली डिस्क चोवीस तास लिहीत असते. डीव्हीआर चोरीला जाऊ नये म्हणून तो छताजवळ, कुलूपबंद लोखंडी पेटीत बसवतात. खोलीतली सर्वांत गरम हवा छताजवळच असते आणि पेटीला भोके नसतात. निगराणीसाठीच्या खास डिस्कची मर्यादा थोडी वरची असली, तरी बंद पेटीत तीही पुरत नाही. पेटी चार-पाच फूट खाली आणून तिच्या दोन्ही बाजूंना भोके पाडली तरी बराच फरक पडतो.

खोली थंड करण्याचा मराठवाड्यातला सर्वमान्य मार्ग म्हणजे कूलर. कोरड्या उन्हाळ्यात तो हवा सहज आठ-दहा अंशांनी उतरवतो, पण हवा ओली करून. हार्ड डिस्कच्या कवचावर एक बारीक छिद्र असते आणि ते झाकू नये अशी सूचनाही तिथे छापलेली असते. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून हे गाळणी बसवलेले छिद्र ठेवतात. त्यातून धूळ जात नाही, पण हवेतला ओलावा हळूहळू जातो. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क तेवढ्या पूर्ण बंद असतात. नऊ महाकाय डेटा सेंटरमधल्या दहा लाखांहून अधिक डिस्कचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिस्क निकामी होण्यामागे तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा हात मोठा दिसला, आणि बिघाड मुख्यतः सर्किट व जोडण्यांचे होते. म्हणून कूलर जरूर चालवावा. त्याचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर घेऊ नये आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. पावसाळ्यात कूलर संगणकाच्या खोलीत नकोच.

डिस्क मरते ती उष्णतेनेच, हा समज इतका सरळ नाही. गुगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला, तेव्हा जास्त तापमान म्हणजे जास्त बिघाड असा नियम त्यात निघालाच नाही. उलट थंड डिस्क अधिक बिघडलेल्या आढळल्या. उष्णतेचा तोटा ठळक दिसला तो तीन वर्षे किंवा त्याहून जुन्या डिस्कमध्ये, आणि तापमान फार वर गेल्यावर. हा निष्कर्ष लोह्याला जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. त्या डिस्क नियंत्रित हवेच्या इमारतींत होत्या आणि पन्नाशीच्या वर गेलेल्या फारच थोड्या. शिवाय तालुक्याच्या गावात डिस्क तीन वर्षांनी बदलत नाहीत, त्या बंद पडेपर्यंत चालवतात.

हे सगळे हिशेब पडद्यावरच्या आकड्यावर उभे आहेत आणि तो आकडा कुठून येतो हे क्वचितच विचारले जाते. संगणकात एक थर्मामीटर नसतो. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या प्रकारचे सेन्सर असतात आणि त्यांची विश्वासार्हता सारखी नसते.

त्यांत डिस्कचा सेन्सर बराच भरवशाचा. डिस्कला तो स्वतःच्या कामासाठी लागतो, कारण तबकडी गरम की थंड यावरून लेखनाचा विद्युतप्रवाह कमी-जास्त करावा लागतो. स्मार्ट नावाच्या स्व-तपासणी व्यवस्थेत हा आकडा १९४ क्रमांकाच्या नोंदीत, काही डिस्कमध्ये १९० मध्येही मिळतो. घोळ होतो तो वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. काही उत्पादक १९० मध्ये शंभरातून तापमान वजा करून उरलेली संख्या ठेवतात. तिथे ५८ दिसले तर डिस्क ४२ अंशांवर असते. काही जण आजवरचे किमान आणि कमाल तापमानही त्याच नोंदीत कोंबतात, आणि मग साध्या सॉफ्टवेअरमध्ये अब्जावधी अंश झळकतात.

प्रोसेसरचा आकडा वेगळ्या जातीचा. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर थेट तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून प्रोसेसर किती अंश खाली आहे एवढेच तो सांगतो. सॉफ्टवेअर ते अंतर मर्यादेतून वजा करून तापमान दाखवते. पूर्वी ही मर्यादाच अनेक प्रोसेसरबाबत अंदाजाने धरली जात होती. इंटेलने २००८ मध्ये त्यांतल्या काहींचे आकडे जाहीर केले. हे सेन्सर मर्यादेजवळ अचूक असतात, कारण वेळीच वेग कमी करणे हेच त्यांचे काम. संगणक निवांत असताना ते पाच-दहा अंशांनी चुकले तर नवल नाही. एएमडीने २०१७ मधल्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरच्या आकड्यात मुद्दाम २० अंश वाढवले होते, पंख्यांचे गणित सर्व मॉडेलना सारखे राहावे म्हणून. ते माहीत नसलेल्यांनी विनाकारण नवे पंखे घेतले.

सर्वांत कमी भरवसा मदरबोर्डच्या सेन्सरचा. त्यावरच्या चिपला तापमानाच्या अनेक वाहिन्या असतात, पण कंपनी सगळ्यांना सेन्सर जोडतेच असे नाही. मोकळी वाहिनी १२७ किंवा उणे १२८ अंश दाखवते. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही, तिथे मोजायला काही नाहीच.

आकडा खरा आहे का, हे घरी पाहता येते. संगणक रात्रभर बंद ठेवून पहाटे सुरू करावा आणि पहिल्या मिनिटातच डिस्कचे तापमान वाचावे. शेजारी साधा खोलीचा थर्मामीटर असावा. दोन आकडे दोन-तीन अंशांच्या आत जुळले तर सेन्सर ठीक. प्रोसेसर काही सेकंदांतच तापतो, त्यामुळे त्याला ही कसोटी तितकी लागू पडत नाही. मात्र पंख्यावर चालणाऱ्या संगणकातला कोणताही भाग खोलीपेक्षा थंड दिसू लागला, तर तो आकडा चुकीचाच समजावा.

कोरोनाच्या काळात शाळा-कार्यालयांत आलेली कपाळाची थर्मामीटर-बंदूक इथे उपयोगाची नाही. ती बहुधा ४२-४३ अंशांच्या वर मोजत नाही. कारखान्यातली बंदूकही चकचकीत ॲल्युमिनियमवर खरे तापमान पकडत नाही आणि कमी आकडा सांगते. डिस्कवर काळी चिकटपट्टी लावून त्या पट्टीवर नेम धरला तर आकडा बराच बरोबर येतो. पट्टी कवचावरच्या हवेच्या छिद्रावर मात्र लावू नये.

डिस्क ४५ च्या आत असेल तर काही करण्याची गरज नाही. ४५ ते ५५ मध्ये असेल तर जाळी साफ करावी आणि पंखा बसवावा. भर दुपारी ती ५५ च्या वर राहत असेल आणि तीन वर्षांहून जुनी असेल, तर पंखा आणायला जाण्याआधी तिच्यातल्या कामाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.