समान नावाची फंक्शने आणि सी भाषेतील प्रोग्रामांची सुवाह्यता

सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर, अथवा एका कंपायलरकडून दुसऱ्याकडे, फेरफार न करता नेता यावा, यालाच त्याची सुवाह्यता म्हणतात. या प्रश्नाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते ते एका ठिकाणी उपलब्ध असलेल्या व दुसऱ्या ठिकाणी नसलेल्या फंक्शनांकडे. वस्तुतः ही अडचण सर्वांत सौम्य होय. फंक्शन मुळातच नसले, तर कंपायलर किंवा लिंकर तत्काळ तक्रार करतो आणि उणीव कोठे आहे ते कळून येते. खरा धोका संभवतो तो नाव तेच, आर्ग्युमेंट्सही तीच, पण करार मात्र निराळा, अशा फंक्शनांपासून. असा प्रोग्राम सर्वत्र विनातक्रार कंपाइल होतो, बहुधा चालतोही. आणि चुकतो तो नेमका ज्या प्रसंगी त्याने सावध राहावयाचे असते त्या प्रसंगी.

एसएनप्रिंटएफ या फंक्शनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८९ च्या अमेरिकन मानकात एसप्रिंटएफ होते. परंतु मजकूर ज्या बफरमध्ये लिहावयाचा त्याची लांबी त्याला सांगण्याची सोय नव्हती. अशाच दोषाच्या गेट्स या फंक्शनाचा आधार घेऊन १९८८ साली मॉरिस वर्म इंटरनेटवरील संगणकांत शिरला होता. लांबीची मर्यादा स्वीकारणारे एसएनप्रिंटएफ हा त्यावरील उपाय. मात्र १९९९ च्या मानकात त्याचा समावेश होण्यापूर्वीच निरनिराळ्या उत्पादकांनी ते आपापल्या परीने उचलले होते, आणि मजकूर मावला नाही तर काय परत करावे, यावर त्यांचे एकमत नव्हते. ग्नू सी लायब्ररीच्या २.०.६ पर्यंतच्या आवृत्त्या अशा वेळी −१ परत करीत, २.१ पासून संपूर्ण मजकुराला जितकी लांबी लागली असती तितकी संख्या परत येऊ लागली. १९९९ च्या मानकाने हाच दुसरा अर्थ प्रमाण मानला. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत नावाआधी अधोरेखा असलेले एक फंक्शन होते व ते आजही आहे. मजकूर मावला नाही तर ते ऋण संख्या परत करते आणि अखेरचा शून्य बाइटही लिहीत नाही. मजकूर बफरइतकाच लांब असला, तर परत येणारी संख्या धन असते, पण शून्य बाइट तेव्हाही नसतो! मानकाशी जुळणारे, अधोरेखाविरहित एसएनप्रिंटएफ तेथे व्हिज्युअल स्टुडिओच्या २०१५ च्या आवृत्तीबरोबर आले.

या भेदाचे परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होतील. १०० बाइटांच्या बफरमध्ये ८० बाइट लिहून झाले आहेत. उरलेल्या २० मध्ये ५० अक्षरांचा मजकूर लिहावयाचा आहे. आणि परत आलेली संख्या स्थानांकात मिळवून पुढे जावयाचे, अशी सर्वत्र आढळणारी रचना आहे. मानकाप्रमाणे ५० परत येतात व स्थानांक १३० होतो. शिल्लक जागा म्हणून १०० मधून १३० वजा केले जातात. हा हिशेब चिन्हरहित प्रकारात होत असल्याने उत्तर −३० न येता एक प्रचंड संख्या येते, आणि पुढील लेखन बफरच्या बाहेर, पण पूर्ण परवानगीनिशी होते. जुन्या ग्नू लायब्ररीत −१ मिळून स्थानांक ७९ वर येई व आधीच्या मजकुराचे शेवटचे अक्षर निमूटपणे पुसले जाई. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फंक्शनाने अखेर न केलेला मजकूर पुढे जो कोणी वाचील, तो बफर ओलांडून वाचीत जाईल. ओळ एकच, पण तिची चूक तीन ठिकाणी तीन प्रकारची!

या अडचणीवर मॅक्रोने एक नाव दुसऱ्या नावाला जोडून देण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. ती सोयीची असली तरी सदोषच म्हटली पाहिजे, कारण कंपायलरने जी तफावत उघड केली असती ती तिने झाकली जाते. यापेक्षा स्वतंत्र नावाचे एक छोटे वेष्टन-फंक्शन लिहून त्याचा करार शक्य तितका अरुंद ठेवणे श्रेयस्कर. मजकूर पूर्ण मावला की नाही एवढेच त्याने सांगावे, आणि शून्य बाइट स्वतः लिहावा. बफर वाढवीत पुन्हा प्रयत्न करावयाचा असल्यास आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. मानकानुसार ऋण संख्या म्हणजे जागेची टंचाई नसून रूपांतरातील दोष होय; जुन्या समजुतीने दर वेळी बफर दुप्पट करणारा लूप अशा दोषापुढे स्मृती संपेपर्यंत फिरत राहील.

वरील तफावत लायब्ररीची झाली. कित्येकदा लायब्ररी निर्दोष असूनही भाषेने मोकळ्या ठेवलेल्या जागेतून दोष शिरतो. अक्षर ओळखणाऱ्या इझअल्फा या फंक्शनाला ० ते २५५ मधील संख्या अथवा फाइलसमाप्तीची खूण एवढेच देण्याची अनुज्ञा आहे. इंग्रजी मजकुरावर केलेल्या चाचण्यांत ही अट कधी आडवी येत नाही. देवनागरीत मात्र ती पहिल्या अक्षरालाच आडवी येते. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १४९ या तीन बाइटांनी लिहिले जाते. कॅरॅक्टर हा प्रकार चिन्हसहित असावा की चिन्हरहित, हे मानकाने कंपायलरवर सोपविले आहे. इंटेलच्या ६४ बिटी यंत्रांवर तो सामान्यतः चिन्हसहित असल्याने हेच बाइट −३२, −९२, −१०७ होतात. लिनक्स चालणाऱ्या आर्म यंत्रांवर ते मूळच्याच संख्या राहतात. ग्नू लायब्ररीचे कोष्टक −१२८ पासून सुरू होत असल्यामुळे तेथे चूक पचून जाते. मायक्रोसॉफ्टच्या तपासणी-लायब्ररीत तीच चूक प्रोग्राम थांबविते. आर्ग्युमेंट देण्यापूर्वी ते चिन्हरहित कॅरॅक्टरमध्ये बदलून घेतले की दोष नाहीसा होतो. अर्थात ‘क’ हे अक्षर आहे असे उत्तर त्यामुळे मिळेल, असे मात्र नव्हे. बाइट-बाइट पाहणाऱ्या फंक्शनाकडून ती अपेक्षाच करता येत नाही.

आता, समोरची लायब्ररी कोणता करार पाळते हे कसे ओळखावे? ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावावरून ठरविणे हा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत अविश्वसनीय आहे. लिनक्स म्हणजे ग्नू लायब्ररी हे समीकरण मसल या लायब्ररीने केव्हाच मोडले असून, तिच्या कर्त्यांनी आपली ओळख सांगणारा मॅक्रोही हेतुपूर्वक दिलेला नाही. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेंझी यांनी आरंभिलेल्या ऑटोकॉन्फची पद्धती याहून भिन्न आहे. तीत नाव न विचारता वर्तन तपासतात: छोटा प्रोग्राम रचून, कंपाइल करून, चालवून पाहतात. ग्नूलिब या संग्रहात अशाच तपासण्या असून, एसएनप्रिंटएफ शून्य बाइट लिहिते काय, लागणारी लांबी परत करते काय, असे प्रश्न त्यांत वेगवेगळे विचारलेले आहेत. उत्तर प्रतिकूल आल्यास मूळ फंक्शनाच्या जागी संग्रहातील फंक्शन बसते. प्रोग्राम एका यंत्रावर कंपाइल करून दुसऱ्यावर चालवावयाचा असेल, तेव्हा मात्र तपासणी चालवून पाहता येत नाही. अशा वेळी अनुमानावर विसंबावे लागते, आणि खात्री नसेल तेथे फंक्शन सदोष मानून पर्यायी फंक्शन जोडणेच इष्ट ठरते. त्याची किंमत काही किलोबाइटांपलीकडे सहसा जात नाही.