अंगावरून वारे गेले, तेव्हा

आपल्याकडे पक्षाघाताला ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. कधी तोंड वाकडे होते, जीभ जड होते, हात लुळा पडतो आणि अर्ध्या-पाऊण तासात सारे पूर्ववत होते. हात चालू लागला की घरची मंडळी निश्चिंत होतात. कापसाची वेचणी आटोपली की दवाखान्यात जाऊ, असे ठरते. मोठ्या पक्षाघाताचा धोका मात्र नेमका याच पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो.

बहुधा मानेतील रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीच्या थरावर किंवा हृदयात रक्ताची गुठळी धरते. तिचा कण मेंदूत जाऊन अडकतो. तो विरघळला की लक्षणे जातात; गुठळी जेथे धरली ती जागा तशीच राहते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु ऑक्सफर्डच्या प्रा. पीटर रॉथवेल यांच्या पथकाने २००७ साली प्रसिद्ध केलेले आकडे ताळेबंद वाचणाऱ्यासही सहज उमगतात. तेथे अशा रुग्णांना आधी वेळ ठरवून बोलावीत. औषध सुरू होण्यास साधारणतः २० दिवस लागत. पुढे वेळ न ठरवता तपासून तत्काळ औषध देण्याची पद्धत ठेवली व हा काळ एका दिवसावर आला. परिणामी, ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर उतरले. औषधे काही नवी नव्हती : रक्ताची गुठळी होऊ न देणारी अ‍ॅस्पिरिनसारखी, आणि कोलेस्टेरॉल व रक्तदाब उतरविणारी.

ही औषधे स्वस्त असली तरी घरच्या घरी देऊ नयेत. मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास अ‍ॅस्पिरिन घातक ठरू शकते आणि रक्तस्राव नाही, याची खात्री स्कॅनखेरीज होत नाही. सी.टी. स्कॅन यंत्र रात्रीही चालू ठेवण्याचा खर्च कशासाठी, असे देणगीदार विचारतात; त्याचे एक उत्तर हे आहे. यानंतर ईसीजी, रक्तातील साखर आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी होते. रक्तवाहिनी फारच अरुंद झाली असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो, व तीही शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करावी लागते.

रावेर-यावलहून जळगावला किंवा शिरपूर-साक्रीहून धुळ्याला पोहोचेपर्यंत लक्षणे बहुधा ओसरलेली असतात. डॉक्टरांपुढे मग केवळ हकीकत उरते. म्हणून झटका प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीने सोबत यावे, तो किती वाजता आला व किती वेळ टिकला हे सांगावे, आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणाव्यात. वाहनाची सोय नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.