स्क्वॉम सरोवराकाठची डॉज

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात, वालचंद हिराचंदांच्या उद्यमशीलतेचे फळ म्हणून, १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या डॉज गाड्यांची जुळणी होऊ लागली, आणि त्या मालमोटारींची घरघर ऐकत ज्यांचे बालपण घाटरस्त्यांच्या कडेला गेले त्यांपैकी मी एक असल्यामुळे, अमेरिकेत न्यू हॅम्पशरला पुतणीच्या सासरी पाहुणा म्हणून गेलो असता, तेथील निळ्याशार स्क्वॉम सरोवराकडे सौजन्यापुरते पाहून मी तडक मागच्या कोठाराकडे वळलो, याचे घरच्या मंडळींना जेवढे नवल वाटले तेवढे पुतणीला वाटले नाही. “काका, चावी कोठीतच टांगलेली असते,” एवढेच ती म्हणाली.

या कुटुंबाने दोन पिढ्या सरोवराकाठी मुलांचे एक उन्हाळी शिबिर चालवले. ते बंद होऊन बराच काळ लोटला आहे. त्याचा डॉज ट्रक मात्र त्या कोठारात शाबूत आहे.

अशा शिबिरांचा पूर्वेतिहास थोडक्यात आटोपतो. कनेटिकटमधील फ्रेडरिक गन या शाळाचालकाने १८६१ साली आपल्या विद्यार्थ्यांना पायी समुद्रकिनारी मुक्कामाला नेले, तेव्हापासून ही प्रथा मोजतात. पुढे १८८१ साली अर्नेस्ट बाल्च या डार्टमथ कॉलेजच्या तरुणाने याच स्क्वॉममधील एका बेटावर ‘चोकोरुआ’ शिबिर काढले. धनिकांच्या मुलांनी नोकरचाकरांवाचून स्वतः रांधावे, भांडी घासावीत आणि श्रमाने मिळवलेला पैसा शिबिराच्याच पेढीत जमा करावा, असा त्याचा दंडक होता. ते शिबिर १८८९ पर्यंत चालले. त्याचे अनुकरण शेकडोंनी केले, आणि त्या बेटावर उन्हाळ्यातील रविवारी झाडांखाली प्रार्थना आजही होते.

आता ट्रक. दुसऱ्या महायुद्धात डॉज कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी पाऊण टनी, चारही चाकांना गती देणाऱ्या सुमारे अडीच लाख गाड्या बांधल्या, आणि युद्ध संपताच त्याच सांगाड्यावर, युद्धपूर्व ट्रकची केबिन चढवून, १९४६ साली ‘पॉवर वॅगन’ नावाची एक टनी मालमोटार नागरिकांसाठी बाजारात आणली. आमच्या यजमानांची गाडी याच जातीची. सहा सिलिंडरांचे २३० घनइंची, बाजूला व्हॉल्व असलेले इंजिन, आणि शक्ती म्हणाल तर केवळ ९४ अश्वशक्ती! परंतु तिच्या दुय्यम गिअरपेटीतील खालचा गिअर टाकून पहिल्यावर सोडली की ती इतकी सावकाश आणि इतकी निश्चयाने चढते की तिच्याबरोबर चालणाऱ्या माणसाला मध्येच थांबून विडी पेटवता यावी. गिअर बदलताना डबल क्लच अपरिहार्य. ज्याला ही कला अवगत नाही त्याने या गाडीस हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या खंबाटकीच्या वयोवृद्ध ड्रायव्हरांना हिच्यावर बसवले असते तर घटकाभरात त्यांनी तिला आपलेसे केले असते. शिवाय इंजिनाची शक्ती चाकांखेरीज अन्यत्र नेण्याची सोय: पुढे तारदोर ओढणारी विंच, मागे पट्ट्यावर चालणारी लाकूडकापी करवत. शिबिराचे सारे सरपण याच करवतीखाली कापले गेले.

या गाडीचा मूळ रंग कोणता, यावर मात्र घरात एकमत नाही. पुतणीच्या आजेसासूबाई हिरवा म्हणतात, त्यांचे धाकटे बंधू लाल. दोघेही ऐंशीच्या पुढचे आणि दोघेही तहास नाखूश. मी डॅशबोर्डाखालचा एक कोपरा नखाने खरवडून पाहिला, तेथे लालाखाली हिरवा निघाला. तरीही बंधूंनी हा पुरावा ग्राह्य धरला नाही. एका गोष्टीवर मात्र दोघे एकमुखी साक्ष देतात. बोस्टनकडून येणाऱ्या आगगाडीने जून महिन्यात मुले अ‍ॅशलंडच्या स्थानकावर उतरत (ते स्थानक आता संग्रहालय झाले आहे), त्यांच्या पत्र्याच्या पेट्या ट्रकमध्ये रचल्या जात, आणि पेट्यांवर मुले. आज एवढी पोरे उघड्या हौद्यात बसवण्यास कोणी शिबिरचालक धजणार नाही, आणि न धजावे हेच योग्य. पण आजेसासूबाईंच्या मते घर सोडून आलेल्या मुलाचे रडणे पहिल्या चढावरच थांबे, कारण एवढ्या खडखडाटात आपलेच रडणे आपल्याला ऐकू येत नसे.

मला स्वतःला या ट्रकची हिवाळ्यातली चाकरी अधिक रोचक वाटते. सरोवर गोठले की बर्फ करवतीने कापून, त्याच्या लाद्या ट्रकने बर्फघरात नेऊन, भुशात पुरून ठेवायच्या आणि उन्हाळ्यात दूधदुभते त्यांवर टिकवायचे, असा त्या मुलखाचा परिपाठ होता. जवळच्या रॉकीवोल्ड-डीपहेवन या कौटुंबिक शिबिरात तो अद्याप चालू आहे. तेथील एका झोपडीत ऐन जुलैत मी लाकडी शीतपेटी उघडली, तेव्हा आत मागच्या हिवाळ्याचे सरोवर होते! विजेचे शीतकपाट त्यांना परवडत नाही असे नव्हे. ही त्यांनी हौसेने जपलेली परंपरा आहे.

अमेरिकन बाजारासाठी या जुन्या घडणीच्या पॉवर वॅगनचे उत्पादन १९६८ साली थांबले, निर्यातीसाठी ते आणखी दहा वर्षे चालले. आता घरातील तरुण पिढीला हिच्यात नवे, वेगवान इंजिन बसवावयाचे आहे आणि आजेसासूबाईंचा त्यास सक्त विरोध आहे. माझा कौल मागितला गेला तेव्हा मी निःसंकोचपणे वृद्धेच्या बाजूने दिला. मात्र चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलनळीवर अवलंबून आहेत, ती नळी फुटली तर उतारावर गाडी सरळ सरोवरात जाईल, तेव्हा ब्रेकची व्यवस्था तेवढी नवी करावी, अशी पुरवणी जोडली. ती आजेसासूबाईंना मुळीच रुचली नाही.