उजव्या हाताला बढती नाही

१३ जून २००२ च्या रात्री डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला आणि त्याच रात्री संघाचे मुख्य प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी निवृत्ती जाहीर केली. मुख्य प्रशिक्षक या नात्याने हा चषक नऊ वेळा जिंकणारा दुसरा कोणी झालेला नाही. अशा माणसाच्या जागी कोणाला बसवावे, हा प्रश्न कोणत्याही संघचालकांना अवघड वाटला असता. डेट्रॉइटच्या चालकांपुढे मात्र त्याचे उत्तर तयार होते. डेव्ह लुईस हे चौदा-पंधरा वर्षे त्याच संघात साहाय्यक प्रशिक्षक होते. बचाव फळी त्यांच्या देखरेखीखाली घडली होती, खेळाडूंचा त्यांच्यावर लोभ होता आणि बोमन यांनी डेट्रॉइटला १९९७, १९९८ व २००२ असे तीन वेळा अजिंक्यपद मिळवून दिले तेव्हा तिन्ही वेळा लुईस त्यांच्या शेजारी उभे होते. त्यांचीच नेमणूक झाली. तीन वर्षांनी ते त्या जागेवर नव्हते.

हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि ध्यानचंद उभे राहतात. उत्तर अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. तेथे त्या शब्दाला निराळे विशेषण लावण्याचीही गरज पडत नाही. १९१७ साली मॉन्ट्रियल येथे स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये आज अमेरिका आणि कॅनडा मिळून ३२ व्यावसायिक संघ आहेत. म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या जागा साऱ्या जगात ३२. प्रत्येकाच्या हाताखाली दोन-तीन, कधी चार साहाय्यक. नाव कमावलेले, चषक जिंकणाऱ्या संघात उमेदवारी केलेले साहाय्यक या गर्दीत पुष्कळ आहेत. पण ते वरच्या खुर्चीवर क्वचितच पोहोचतात आणि पोहोचले तरी तेथे फार काळ टिकत नाहीत. कधीच कोणी पोहोचत नाही, असे सरसकट म्हणणे अर्थातच चुकीचे ठरेल. एडमंटनचे जॉन मक्लर १९८९ मध्ये साहाय्यकाचे मुख्य झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी चषक जिंकला. जोएल क्वेनव्हिल १९९६ च्या विजेत्या कोलोरॅडो संघात साहाय्यक होते, त्यांनी पुढे शिकागोला तीनदा अजिंक्यपद मिळवून दिले. परंतु ही नावे अपवाद म्हणूनच आठवतात.

मुळात साहाय्यक प्रशिक्षक हे पदच या खेळात फार जुने नाही. १९७२ पर्यंत एकच प्रशिक्षक सर्व काही पाहत असे. त्या वर्षी फिलाडेल्फिया फ्लायर्सचे फ्रेड शेरो यांनी माइक निकोलुक यांना मदतीला घेतले; लीगमधील पहिले पूर्णवेळ साहाय्यक म्हणून निकोलुक ओळखले जातात. १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षे फिलाडेल्फियाने चषक जिंकला. १९७४ मध्येच वर्षातील उत्कृष्ट प्रशिक्षकासाठी जॅक अ‍ॅडम्स पारितोषिक सुरू झाले आणि त्याचे पहिले मानकरी शेरो ठरले. हे पारितोषिक केवळ मुख्य प्रशिक्षकासाठी आहे. साहाय्यकासाठी तसे पारितोषिक तेव्हा नव्हते, अर्धे शतक उलटल्यानंतर आजही नाही. निकोलुक यांना मुख्य प्रशिक्षकपद मिळाले ते १९८१ च्या जानेवारीत, टोरोंटो मेपल लीफ्समध्ये. आणि गंमत अशी की, त्या वेळी ते कोणाचे साहाय्यक नव्हते, नभोवाणीवर सामन्यांचे समालोचन करीत होते! एकाही हंगामात त्यांच्या संघाचे विजय पराजयांपेक्षा अधिक भरले नाहीत. १९८४ मध्ये त्यांना निरोप देण्यात आला. लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाची जागा त्यांना पुन्हा मिळाली नाही.

साहाय्यकाचे काम नेमके काय असते, हे पाहिले म्हणजे या अडचणीचे मूळ सापडू लागते. बर्फावर एका वेळी गोलरक्षकासह सहा जण असतात आणि दर पाऊण मिनिटाला, सामना चालू असतानाच, ते बदलत राहतात. या घाईत एक साहाय्यक बचावपटूंच्या जोड्यांवर नजर ठेवतो, दुसरा आघाडीच्या फळीवर. प्रतिपक्षाचा खेळाडू शिक्षा होऊन दोन मिनिटे बाहेर बसला की चारांविरुद्ध पाच अशी जी संधी मिळते, तिला पॉवर प्ले म्हणतात. पाचांतून एकदा अशी संधी साधली तरी संघाचे बरे चालले आहे असे मानतात, यावरून ती साधणे किती कठीण आहे याची कल्पना येईल. तिची आखणी एका साहाय्यकाकडे असते. उलट, आपला खेळाडू बाहेर असताना किल्ला कसा लढवावा हे दुसऱ्याकडे. रात्र रात्र चित्रफिती पाहणे, बचावपटूच्या काठीचा कोन कोठे चुकतो हे त्याला सरावानंतर थांबवून दाखविणे, ही सारी कामे त्याचीच. हे काम एकेका भागाचे आहे आणि जो त्यात जितका तरबेज होतो तितका तो त्या भागाशी जखडला जातो. बचाव फळीचा उत्तम जाणकार अशी एकदा ख्याती झाली की संघाचे चालक त्याला बचाव फळीसाठीच बोलावतात.

दुसरी गोष्ट स्वभावाची नव्हे, तर भूमिकेची आहे. मुख्य प्रशिक्षक खेळाडूला बाकावर बसवितो, पत्रकारांसमोर त्याच्या चुका काढतो, कधी त्याला संघाबाहेर ठेवतो. त्यानंतर त्या खेळाडूच्या खांद्यावर हात ठेवण्याचे काम साहाय्यकाकडे येते. खेळाडू त्याच्यापाशी मन मोकळे करतो, घरच्या अडचणी सांगतो, मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध कुरकुरही करतो. चांगला साहाय्यक ती ऐकून घेतो आणि वर पोहोचू देत नाही. हाच माणूस एका सकाळी मुख्य होतो, तेव्हा ज्या तिशीच्या खेळाडूने त्याच्याजवळ दहा वर्षे गाऱ्हाणी केली, त्यालाच त्याने बाकावर बसवायचे असते. ज्या गुणामुळे तो मोलाचा ठरला, तोच गुण आता त्याच्या आड येतो. शाळेतील पर्यवेक्षकाला किंवा कचेरीतील हेडक्लार्कला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की, कचेरीत निदान सेवाज्येष्ठतेची यादी असते आणि ती आज ना उद्या पुढे सरकते. हॉकीत अशी यादी नाही.

आणि जागा तरी रिकामी केव्हा होते? संघ जिंकत असेल तर मुख्य प्रशिक्षक हलत नाही, म्हणून साहाय्यकही हलत नाही. संघ हरू लागला तर वीस खेळाडू काढता येत नाहीत, म्हणून प्रशिक्षकाला काढतात. आणि नवा येणारा आपली माणसे बरोबर आणतो, तेव्हा जुन्या साहाय्यकांनाही बहुधा सामान बांधावे लागते. विजयाचे श्रेय वरच्याचे, पराजयाची शिक्षा मात्र दोघांना, असा हा हिशेब आहे. हंगामाच्या मध्येच मुख्य प्रशिक्षक गेला तर मात्र निकड म्हणून साहाय्यकाला ‘हंगामी’ या शिक्क्यानिशी उभे करतात. क्रेग बेरुबी यांनी असे नोव्हेंबर २०१८ मध्ये सेंट लुईसचे काम हाती घेतले आणि २०१९ चा चषक जिंकला. रिक बोनेस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये डॅलसचे काम घेऊन संघाला २०२० च्या अंतिम फेरीपर्यंत नेले. ही उदाहरणे उत्साहाने सांगितली जातात. पण बेरुबी त्यापूर्वी फिलाडेल्फियाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि बोनेस तर एकाहून अधिक संघांचे. जन्मभर केवळ साहाय्यक राहिलेल्या माणसाची ही बढती नव्हती.

बढतीचा खरा रस्ता निराळ्याच गावावरून जातो. लीगच्या प्रत्येक संघाशी संलग्न असा एक दुय्यम संघ अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळतो. तेथे पगार कमी, प्रवास बसचा, प्रेक्षक थोडे. पण बाकामागे उभा असलेला माणूस तेथे सर्वाधिकारी असतो. पिट्सबर्गला २०१६ व २०१७ मध्ये चषक मिळवून देणारे माइक सलिव्हन तेथूनच वर आले. टॅम्पा बेचे जॉन कूपर आणि कोलोरॅडोचे जॅरेड बेडनार हेही तेथलेच. साहाय्यकपदावरून यशस्वीपणे वर चढलेल्यांचा पूर्वेतिहास तपासला तरी बहुधा हेच आढळते. टॉड मॅकलेलन यांनी ह्यूस्टन संघाचे प्रमुख म्हणून २००३ मध्ये दुय्यम लीगचे अजिंक्यपद मिळविले, मग डेट्रॉइटला तीन वर्षे साहाय्यक म्हणून काढली आणि २००८ मध्ये सॅन होजेचे मुख्य प्रशिक्षकपद घेतले. स्पेन्सर कार्बेरी हर्शीचे प्रमुख होते. टोरोंटोत दोन वर्षे साहाय्यक राहून २०२३ मध्ये वॉशिंग्टनला गेले आणि २०२५ चे जॅक अ‍ॅडम्स पारितोषिक त्यांना मिळाले. यांच्या दृष्टीने दुसरी खुर्ची हा मधला थांबा होता. जे तेथे मुक्कामाला राहिले ते तेथेच राहिले.

संघाच्या महाव्यवस्थापकाचा विचारही समजण्यासारखा आहे, मग तो न्याय्य असो वा नसो. पूर्वी मुख्य राहिलेल्या माणसाला नेमून अपयश आले, तर ‘इतक्या अनुभवी माणसालाही जमले नाही’ असे म्हणता येते. कोणाच्या तरी साहाय्यकाला नेमून अपयश आले, तर ती चूक नेमणाऱ्याची ठरते आणि त्याची स्वतःची खुर्ची डळमळते. म्हणून तीच ती नावे एका संघातून दुसऱ्या संघात फिरत राहतात.

२०१८ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने आपला पहिला चषक जिंकला. काही दिवसांतच मुख्य प्रशिक्षक बॅरी ट्रॉट्झ यांनी कराराच्या अटींवरून राजीनामा दिला आणि त्यांचे साहाय्यक टॉड रिअर्डन यांची नेमणूक झाली. बचाव फळी व पॉवर प्ले या बाबतींत त्यांचे नाव होते. २०१९ मध्ये पहिल्याच फेरीत, सातव्या सामन्यात, जादा वेळेच्याही जादा वेळेत त्यांचा संघ कॅरोलायनाकडून हरला. २०२० मध्ये पुन्हा पहिल्याच फेरीत पराभव झाला, तो न्यू यॉर्क आयलँडर्सकडून. आणि आयलँडर्सचे मुख्य प्रशिक्षक होते तेच बॅरी ट्रॉट्झ! रिअर्डन यांना काढण्यात आले आणि त्यांच्या जागी पीटर लॅव्हिओलेट आले. लॅव्हिओलेट यांचा मुख्य प्रशिक्षक म्हणून हा पाचवा संघ होता. म्हणजे आधीचे चार संघ त्यांच्या हातून सुटले होते. रिअर्डन पिट्सबर्गला गेले, साहाय्यक म्हणून.

डेट्रॉइटच्या लुईस यांची कहाणी याहूनही बोलकी आहे. बोमन यांच्याबरोबरच गोलरक्षक डॉमिनिक हाशेक यांनीही २००२ मध्ये संघ सोडला होता. तरीही दोन्ही हंगामांत लुईस यांच्या संघाने ४८-४८ सामने जिंकले. २००३-०४ मध्ये तर साखळीत साऱ्या लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. पण २००३ च्या बाद फेरीत अ‍ॅनाहाइमने त्यांना सलग चार सामन्यांत बाद केले. चारही सामने एकेका गोलाने गेले. पहिल्या सामन्यात अ‍ॅनाहाइमचा गोलरक्षक जिगेर याने ६३ फटके अडविले. गोलरक्षक असा खेळत असताना बाकामागचा माणूस काय करणार, हा प्रश्न कोणाला पडायला हवा होता. २००४ मध्ये दुसऱ्या फेरीत कॅलगरीकडून हार झाली. पुढचा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादात अख्खा रद्द झाला आणि २००५ मध्ये लुईस यांचा करार वाढविण्यात आला नाही. त्यांच्या जागी जे आले ते माइक बॅबकॉक. २००३ मध्ये अ‍ॅनाहाइमचे प्रशिक्षक तेच होते, आणि त्याआधी ते दुय्यम लीगमध्ये सिनसिनाटीचे प्रमुख होते. लुईस यांना पुढे बोस्टनने एक हंगाम दिला, तोही वाया गेला.

या साऱ्यात एका गोष्टीचा विसर पडू नये. वरची खुर्ची प्रत्येकालाच हवी असते असे नाही. न्यू जर्सीचे लॅरी रॉबिन्सन यांनी २००० साली साखळीचे आठच सामने उरले असताना सूत्रे हाती घेतली आणि चषक जिंकून दाखविला. तेच रॉबिन्सन २००५ मध्ये पुन्हा मुख्य झाले आणि डिसेंबरमध्ये मानसिक ताण व डोकेदुखीचे कारण देऊन बाजूला झाले. पुढे साहाय्यक म्हणून ते आनंदाने राबले. आपले काम कोणते हे ज्याला उमगले त्याला अपयशी म्हणण्याचे कारण नाही. मात्र ज्याला संधीच मिळाली नाही, त्याने ती नाकारली असे समजणे निराळे.

बोमन यांच्या शेजारी लुईस यांच्याबरोबर आणखी एक साहाय्यक उभा असे. बॅरी स्मिथ यांनी पिट्सबर्गमध्ये १९९१ व १९९२, डेट्रॉइटमध्ये १९९७, १९९८ व २००२ असे साहाय्यक म्हणून पाच चषक पाहिले. डावी फळी मागे ठेवून प्रतिपक्षाची वाट अडविण्याची जी युरोपीय पद्धत डेट्रॉइटने गाजविली, ती तेथे रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ती ओळखली जाते बोमन यांच्या नावाने. मुख्य प्रशिक्षकांच्या नोंदीत स्मिथ यांचे नाव एकदाच येते. ऑक्टोबर १९९८ मध्ये बोमन शस्त्रक्रियेनंतर विश्रांती घेत होते, तेव्हा हंगामाचे पहिले पाच सामने लुईस आणि स्मिथ यांनी मिळून सांभाळले. त्यांतले चार डेट्रॉइटने जिंकले. सहाव्या सामन्याला बोमन परत आले.